ऋणमोचनाचा विधी

ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ रचून शून्याच्या वरच्या संख्येस ‘धन’ आणि शून्याच्या खालच्या संख्येस ‘ऋण’ अशा संज्ञा दिल्या व त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम घालून दिले, तेव्हा त्या थोर गणितज्ञाच्या डोळ्यांपुढे एखाद्या सावकाराची खतावणी असणे शक्य आहे. परंतु पुढे तेराशेहून अधिक वर्षांनी पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, रविवारी सकाळी, हातात दहा-अकराचा पाना घेऊन मोटारीच्या बॅटरीवरील दोन शिशाच्या खुंट्यांकडे टक लावून पाहणारा एक प्रौढ गृहस्थ त्याच दोन शब्दांच्या पेचात अडकून पडेल, अशी शंकाही त्यास आली असणे संभवनीय नाही. तो गृहस्थ मी.

प्रकरणाचा आरंभ आमच्या गाडीची वाचा बसल्यापासून झाला. ही गाडी मी जुनी म्हणून विकत घेतली आणि त्या विशेषणास ती सदैव जागली. तिच्या निर्मात्यांचे नाव येथे उच्चारून त्यांच्या अब्रूस बाध आणण्याची माझी इच्छा नाही, कारण तिच्यात जे बिघाड झाले त्यांतील निम्मे पूर्वीच्या मालकाने हौसेने करून ठेवलेले आणि उरलेले निम्मे मी त्याचा कित्ता गिरवू गेल्यामुळे उद्भवलेले होते. हॉर्न बंद पडला त्यात मात्र आम्हा दोघांचाही हात नव्हता. एके दिवशी तो घोगरा झाला, दुसऱ्या दिवशी त्याने नुसते खाकरून दाखविले, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याने मौनव्रत धारण केले. इतर शहरांत हॉर्न हे वाहनाचे एक उपकरण असेल. पुण्यात ते वाहनचालकाचे मत असते, आणि मत मांडण्याचे साधन हिरावून घेतलेला पुणेकर किती दिवस स्वस्थ राहू शकतो, हे पुणेकरांस तरी सांगावयास नको.

गॅरेजातील मिस्त्रीने गाडीच्या तोंडाकडे, वैद्याने जुनाट रोग्याकडे पाहावे तसे, चार हात दुरून पाहिले आणि “साहेब, सगळं वायरिंग खोलून बघावं लागेल” असे उद्गार काढले. त्यातील ‘सगळं’ या शब्दावर त्याने जो भार दिला, तो ऐकूनच माझ्या खिशातील पाकीट आकसले. त्याच रात्री मी निश्चय केला, की मनुष्याने निदान आपल्या गाडीच्या कंठरोगापुरते तरी स्वावलंबी असावे. फ्यूज शाबूत असल्याची रुजुवात मी अगोदरच करून घेतली होती. तेवढ्या ज्ञानावर मी स्वतःस तज्ज्ञ समजू लागलो होतो.

गाडीबरोबर वारसाहक्काने दुरुस्तीची एक पुस्तिकाही माझ्याकडे आली होती. तिची काही पाने तेलाने पारदर्शक झाल्यामुळे एका पानावर ब्रेकची माहिती वाचीत असता मागच्या पानावरील वायपर त्यातून डोकावत असे. या पुस्तिकेचा एक विशेष मला त्या रात्री जाणवला. प्रकरण पुढचा दिवा बदलण्याचे असो, वायपरची मोटर उतरविण्याचे असो की हॉर्न सोडविण्याचे असो, प्रत्येकाचे पहिले वाक्य एकच: बॅटरीची ऋण तार सोडवावी. पोथी कोणतीही असली तरी आरंभी ‘श्रीगणेशाय नमः’ असावयाचेच, तसा हा प्रकार. आणि पोथी वाचणारा ते नमन जसे ओठांतल्या ओठांत उरकून कथेकडे धाव घेतो, तसेच हौशी दुरुस्तीकार हे वाक्य उरकून थेट तारांत हात घालतात. मग त्यांचे पुढील अध्याय अपेक्षेपेक्षा फार लवकर समाप्त होतात.

ऋणच आधी का, या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत नव्हते. फर्मान काढणारा कारणे देत नाही. परंतु ते उत्तर शोधताना मला जो आनंद झाला तो मी वाचकांपासून दडवून ठेवणे बरे नव्हे. घरात प्रत्येक दिव्याला जाणारी एक आणि परतणारी एक अशा दोन तारा लागतात. मोटार बांधणाऱ्यांनी यात काटकसर केली आहे. त्यांनी जाणारी तार तेवढी ठेवली आणि परतीच्या प्रवासाची सोय गाडीच्या लोखंडी अंगातूनच लावून दिली. त्यासाठी बॅटरीच्या ऋण टोकाची जाडजूड काळी तार थेट सांगाड्याला आणि इंजिनाला नटबोल्टांनी आवळून टाकलेली असते. म्हणजे बॉनेट, दारे, इंजिन, चाकांवरील पत्रे, फार काय, आपण ज्यावर कोपर टेकून चहा पितो ती कडसुद्धा, शास्त्रीय अर्थाने, ऋणात आकंठ बुडालेली असते. ज्याने मोटार हप्त्यांवर घेतली आहे त्याला हे ज्ञान पुस्तकातून मिळविण्याची गरज नाही. गाडीचा अंगठ्याएवढा भागही ऋणाबाहेर नसल्याचे बँक त्यास दरमहा कळवीत असते.

आता असे समजा, की आपण उतावीळपणाने धन टोकाच्या नटाला पाना लावला आणि तो फिरविता फिरविता पान्याची शेपटी बॉनेटच्या कडेला किंवा जवळच्या एखाद्या लोखंडी पट्टीला टेकली. पान्याचे तोंड धनात, शेपूट ऋणात! मधल्या कोणत्याही दिव्याला, पंख्याला वा मोटरला एक छदामही न देता बॅटरीतील सर्व संचित धन त्या पान्यातून ऋणात धाव घेते. पगाराच्या तारखेला आपल्या घरी जे घडते तेच हे होय. फरक इतकाच, की येथे ठिणग्या दिसतात, पाना तापून लाल होतो आणि क्वचित जागच्या जागी डागून चिकटतो. उलट, आपण आधी ऋणाच्या नटाला हात घातला तर पान्याची शेपटी गाडीच्या अंगाला कितीही वेळा लागो. ऋण ऋणाला भेटले तर दोघांचेही काही जात नाही. आणि ती काळी तार एकदा सुटली, की गाडीचा देह ऋणमुक्त होतो व मग धन टोकास पाना लावला तरी त्या धनास पळून जावयास वाटच राहत नाही. जोडताना क्रम उलटा: आधी धन पदरी बांधावे, मग ऋण काढावे. मनुष्यावर देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे असतात व ती फेडावयास एक जन्म अपुरा पडतो असे आपली शास्त्रे सांगतात; मोटारीवरील चौथे ऋण दहा-अकराच्या पान्याने अर्ध्या मिनिटात फिटते, ही विज्ञानयुगाची केवढी सवलत आहे!

मोटारीच्या बॅटरीविषयी सुशिक्षित माणसांच्या मनात एक प्रकारची तुच्छता असते, तिचाही येथे परामर्श घेतला पाहिजे. घरातील वीज २३० व्होल्टांची, ही अवघी १२ व्होल्टांची. तेव्हा ही ती काय करणार, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब निम्मा बरोबर आहे आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. कोरड्या हाताने या दोन्ही खुंट्या धरल्या तर झटका बसत नाही, हे खरे. व्होल्ट हे ज्याच्या नावावरून आले त्या इटालियन व्होल्टाने १८०० साली धातूंच्या चकत्या एकावर एक रचून पहिली बॅटरी केली. फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ साली शिशाच्या पाट्या सौम्य गंधकाम्लात बुडवून, रिकामी झाली तर पुन्हा भरता येईल अशी पहिली बॅटरी सिद्ध केली, आणि आपल्या बॉनेटखालचा तो काळा डबा म्हणजे प्लांतेचाच वंशज होय. त्यात सहा कोठड्या असतात, प्रत्येकीत सुमारे २.१ व्होल्ट, गोळाबेरीज साडेबारा व्होल्टांच्या थोडी वर जाते. दाब अल्प, परंतु प्रवाह? घरातील छताचा पंखा अर्धा अँपिअरदेखील घेत नाही. गाडीचा सेल्फ मारताना ही बॅटरी शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह निमूटपणे देते आणि तिची दोन टोके पान्याने एकमेकांस जोडली तर आणखी कित्येक शंभर! पूर्वी गाडी चालू करण्यास समोरून हँडल मारावे लागे व ते उलटले तर मारणाऱ्याचे मनगट मोडे; अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याचा विजेवर चालणारा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला आणि तेव्हापासून मनगटाचा भार या डब्यावर पडला. सेल्फला राबविणारी ही शक्ती, आपण पान्याची चूक केली तर, मनगटाचा जुना हिशेब चुकता करावयास कमी करीत नाही. बारा व्होल्टांची बॅटरी म्हणजे मितभाषी पैलवान. तो आवाज चढवीत नाही, एवढ्यावरून त्याच्या पाठीत गुद्दा घालू नये.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी बॉनेट उघडले. बॉनेट उघडणे ही आमच्या संस्थेत दवंडी पिटण्यासारखी क्रिया आहे. पाच मिनिटांच्या आत पहिल्या मजल्यावरील निवृत्त मामलेदार वेताची खुर्ची घेऊन खाली आले. पद तहसीलदाराचे असले तरी त्यांना सारी संस्था ‘मामलेदारसाहेब’ म्हणते आणि तेही त्या संबोधनास आडनावाप्रमाणे ओ देतात. आयुष्यभर सातबारा, फेरफार आणि पंचनामे यांत वावरल्यामुळे समोर कोणतेही कृत्य घडत असले, की त्यात कायदेशीर काय अन् बेकायदेशीर काय हे ठरविल्यावाचून त्यांना चहा गोड लागत नाही. त्यांच्यामागोमाग सुटीत आमच्याकडे राहावयास आलेला माझा भाचा आला. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे त्याला सर्व गोष्टींचे सिद्धान्त ठाऊक आहेत आणि पाना कोणत्या हातात धरतात हे अद्याप अभ्यासक्रमात आलेले नाही.

मी काळ्या तारेच्या नटाला पाना लावताच मामलेदारसाहेबांनी काठी उचलली.

“थांबा! आधी प्लस काढायचा असतो. आमच्या वडिलांच्या मॉरिस मायनरची बॅटरी मी स्वतः किती वेळा काढलीय. आधी प्लस, मग मायनस. हा शिरस्ता आहे.”

“पण पुस्तिकेत आधी मायनस लिहिलंय, मामलेदारसाहेब.”

“पुस्तिका छापणारा चुकू शकतो. वहिवाट चुकत नाही.”

येथे भाच्याने तोंड घातले. “मामा, खरं सांगायचं तर प्रवाह प्लसकडून मायनसकडे जातच नाही. इलेक्ट्रॉन मायनसकडून प्लसकडे जातात. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात अंदाजाने प्लस-मायनस ठरवलं. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, थॉमसनला. तोपर्यंत सगळी पुस्तकं लिहून झाली होती.”

मामलेदारसाहेबांच्या चेहऱ्यावर जो उद्वेग उमटला तो मी त्यांच्या मुखावर पूर्वी एकदाच, संस्थेच्या जमाखर्चात चार आण्यांचा फरक निघाला तेव्हा, पाहिला होता. “म्हणजे शे-दीडशे वर्षं मूळ दफ्तरात नोंद उलटी होती, ती उघडकीस आली, आणि तरीही कोणी फेरफार घातला नाही?” ते म्हणाले. “अशा खात्यावर विश्वास ठेवून तुम्ही मायनस काढणार?”

या आक्षेपास माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि मला वाटते, विद्युच्छास्त्रापाशीही नाही. परंतु मॉरिस मायनरचा मुद्दा माझ्या मनात घोळत राहिला. कारण मामलेदारसाहेब हट्टी असले तरी खोटे बोलणारे नव्हेत, आणि बोटे शाबूत ठेवून त्यांनी बॅटरी काढली असेल तर त्यांच्या वहिवाटीतही काही तथ्य असलेच पाहिजे. ते निघाले. १९४८ साली इंग्लंडात निघालेल्या या गाडीत, त्या काळच्या बहुतेक इंग्रजी गाड्यांप्रमाणे, सांगाड्याला जोडलेले असे ते धन टोक. ऋण टोकाची तार वेगळी फिरे. अर्थात त्या गाडीचा देह धनात न्हालेला असे व तेथे पान्याला भय ऋण टोकाचे. म्हणून आधी प्लस काढणे हेच तेथे शहाणपणाचे. पुढे इंग्रजी कारखान्यांनीही इतरांप्रमाणे ऋण टोक देहाला जोडावयास आरंभ केला आणि मामलेदारसाहेबांची वहिवाट, ताबेदाराला नोटीस न देता, रद्द झाली. तेव्हा खरा नियम ऋणाचाही नव्हे आणि धनाचाही नव्हे. जे टोक गाडीच्या अंगाला बांधलेले असेल ते आधी सोडवावे व शेवटी बांधावे, एवढाच तो नियम आहे. मी हे मामलेदारसाहेबांना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि, “म्हणजे माझं बरोबर होतं,” असा निकाल देऊन काठी खाली ठेवली.

ज्येष्ठांच्या अनुभवास सर्वत्र असेच सन्मानाने कालबाह्य ठरविता येईल असे मात्र नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून डायनामो चांगला आहे की नाही हे पाहण्याची जी एक जुनी रीत मामलेदारसाहेबांनी लगेच पुढे सुचविली, ती मी नम्रपणे पण ठामपणे नाकारली. डायनामोच्या जागी आता अल्टरनेटर आला आहे. चालत्या इंजिनात त्याच्यापुढून बॅटरी अकस्मात काढून घेतली, तर त्याचा दाब क्षणार्धात उसळी मारतो आणि गाडीतील नाजूक यंत्रे जळून जातात.

मग पूर्वतयारी. यज्ञापूर्वी यजमानाने शुचिर्भूत व्हावे तसे येथे निर्धातू व्हावे लागते. इंजिन बंद, दिवे बंद, रेडिओ बंद, किल्ली बाहेर. आणि हातातील घड्याळ, बोटातील अंगठी, मनगटातील कडे, सर्व उतरवून ठेवावयाचे. कारण मघाशी पान्याच्या शेपटीने जे केले असते तेच अंगठी करू शकते, आणि पाना हातातून टाकून देता येतो तसे बोट टाकून देता येत नाही. मी लग्नातली अंगठी उतरवू लागलो. ती पंचवीस वर्षांत बोटाच्या आकाराशी इतकी समरस झाली होती, की साबण लावूनच निघाली. आणि हा सोहळा नेमका सौभाग्यवती गच्चीत कपडे वाळत घालीत असता घडला.

“अहो, अंगठी कशाला काढताय?”

“बॅटरीसाठी.”

“मग घालायची विसरू नका,” एवढेच ती म्हणाली. त्या ‘विसरू नका’मधील स्वर मी यापूर्वी मामलेदारसाहेबांच्या जुन्या नोटिशींतही अनुभवला नव्हता. मी अंगठी, घड्याळ आणि किल्ली ही त्रिकूट संपत्ती रुमालात गुंडाळली आणि रुमाल चालकाच्या आसनावर ठेवून दार लावून घेतले. गाडीची किल्ली काढून घ्यावी, असे पुस्तिकेत लिहिले होते. ती कोठे ठेवावी, हे लिहिले नव्हते.

मामलेदारसाहेबांनी याच सुमारास खिशातून विडी काढली. तीही मी विझवावयास लावली. बॅटरी भरत असताना तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चारांवर गेले, की ठिणगीस निमित्त मिळते आणि डबा फुटून आतील गंधकाम्ल चेहऱ्यावर उडते. म्हणून बॉनेट उघडून थोडा वेळ वारा खेळू द्यावा, डोळ्यांवर चष्मा ठेवावा आणि बॅटरीच्या पाठीवर पाना ठेवून गप्पा मारू नयेत. गंधकाम्लाचा एक थेंब सुती कापडावर पडला तर त्या वेळी काहीच दिसत नाही. कापड धुण्यात गेले, की मग तेवढ्या जागी भोक पडते. माझ्या तीन सदऱ्यांना अशी भोके होती व त्यांबद्दल आमची धुणेवाली बाई कित्येक महिने निष्कारण बोल खात होती. हे रहस्य उमगल्यावर मी तिची क्षमा मागितली नाही, पण दिवाळीला पोस्त वाढविले.

ऋण टोकाजवळ पोहोचल्यावर असे दिसले, की तेथे पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा एक छोटासा डोंगर साठला आहे. आम्लाच्या वाफा आणि धातू यांच्या दीर्घ सहवासातून तो निर्माण होतो. यावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून घालावा. मी स्वयंपाकघरात जाऊन भज्यांचा सोडा मागितला. सौभाग्यवतीने तो दिला, परंतु गाडीला भजी कधीपासून आवडू लागली, अशी पृच्छा केली. सोडा पडताच ती भुकटी फसफसून उठली आणि भाच्याने त्यामागील रासायनिक समीकरण तोंडपाठ म्हटले. फसफस निवाल्यावर पुसून कोरडे केले.

पुढील कृत्य मात्र अर्ध्या मिनिटाचेच. दहाच्या तोंडाने नट सैल झाला. तार उपटावयाची नसते, किंचित पिळत वर घ्यावयाची असते, कारण शिसे मऊ असते आणि खुंटीस हिसका दिला तर तिच्या मुळाशी चीर पडते. धन खुंटी ऋण खुंटीहून किंचित जाड असते, हेही याच वेळी डोळ्यांनी पटले. तारांचे रंग पुसट झाले तरी देहयष्टीवरून ओळख पटावी, ही निर्मात्यांची दूरदृष्टी. सोडविलेली जाड तार स्प्रिंगसारखी असते आणि आपली पाठ वळताच पुन्हा खुंटीकडे झेपावते. जडलेली सवय इतक्या सहजी सुटत नाही. म्हणून मी तिच्या तोंडावर एक जुना पायमोजा चढवून तिला बाजूस बांधून टाकली. मामलेदारसाहेब म्हणाले, “जप्ती झाली.”

मग आम्ही तिघेही थोडा वेळ गप्प उभे राहिलो. ज्या नव्या गाड्यांत अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या एअरबॅग असतात, त्यांत तार काढल्यावरही त्या यंत्रणेच्या पोटात थोडी वीज शिल्लक राहते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेली काही मिनिटे थांबून मगच तेथील तारांना हात लावावयाचा असतो. माझ्या गाडीत एअरबॅग नव्हत्या. मी केवळ शिष्टाचार म्हणून थांबलो. आत डॅशबोर्डवरील घड्याळ निमाले होते. तार काढल्याने गाडीची स्मृती जाते. घड्याळ वेळ विसरते, रेडिओ आपली केंद्रे विसरतो, काही रेडिओ तर गुप्त क्रमांक दिल्यावाचून मालकाशी बोलतही नाहीत. नव्या गाड्यांतील संगणक इंजिनाच्या सवयी विसरतो व पुन्हा पहिल्यापासून शिकू लागतो. मामलेदारसाहेब म्हणाले, की निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनाही नेमके असेच वाटले होते. आम्ही हसलो नाही.

दुरुस्तीविषयी सांगण्यासारखे फारच थोडे आहे, आणि हेच या साऱ्या प्रकरणातील सर्वांत अपमानास्पद सत्य होय. हॉर्न निर्दोष होता. त्याची सांगाड्याला जोडलेली तार जेथे एका स्क्रूने आवळलेली होती, तेथे गंज चढून तिचा आणि गाडीचा संबंध तुटला होता. थोडक्यात, गाडीचा कंठ तिच्या ऋणापासून अलग पडल्यामुळे मुका झाला होता. पॉलिश पेपरने गंज घासला, स्क्रू आवळला, चार मिनिटे. ‘सगळं वायरिंग’ म्हणजे एक स्क्रू निघाला. मिस्त्रीला हे सांगावयास जाण्याचा मोह मला त्या क्षणी आवरेना, इतका मी विजयी मुद्रेत होतो.

धन टोकाला मी हात लावलेलाच नव्हता, तेव्हा जोडावयाची ती एकच काळी तार. पायमोजा काढला, मुख खुंटीवर बसविले. टेकताक्षणी एक लहानशी ठिणगी उडाली. तेवढी उडतेच. भाच्याने तिचेही कारण सांगितले. मी नट आवळला, त्यावर व्हॅसलिनचे बोट फिरविले आणि हात पुसत पुसत दोन पावले मागे झालो.

येथे पूर्वीच्या मालकाचा पुन्हा एकदा उल्लेख करणे प्राप्त आहे. या हौशी गृहस्थाने गाडीला सेंट्रल लॉक व चोरघंटा बसवून घेतली होती आणि काटकसरीपोटी चोरघंटेस निराळा भोंगा न घेता तिची तार हॉर्नलाच जोडली होती. मी गाडी घेतली तेव्हा ती घंटा क्वचित वाजे, परंतु हॉर्नची वाचा बसल्यापासून तीही अबोल झाली होती आणि तिचे अस्तित्व मी विसरलो होतो. ती मला विसरली नव्हती. दीर्घ निद्रेतून जागे झालेल्या त्या यंत्राने परिस्थितीचा एकंदर विचार करून असा निष्कर्ष काढला, की ज्या अर्थी गाडीची वीज कोणी तरी तोडली होती, त्या अर्थी आवारात चोर आहेत. चारही दारांतून एकदम ‘खट्’ असा आवाज आला व ती बंद झाली. आणि पाठोपाठ कित्येक महिन्यांचे मौन सोडून हॉर्न वाजू लागला. तो वाजतच राहिला.

चारही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. समोरच्या इमारतीतील कुत्री भुंकू लागली. मामलेदारसाहेब कानांवर हात ठेवून, आजवर कोणा तलाठ्यावर केला नसेल अशा आवाजात ओरडले, “हॉर्न लागला हो तुमचा!”

मी रिमोटकडे धाव घेतली. रिमोट किल्लीला, किल्ली रुमालात, रुमाल आसनावर, आणि आसन काचेपलीकडे. भाचा खिडकीच्या काचेवर नाक टेकवून आत पाहू लागला. मग मी जे केले त्याबद्दल मला आजही स्वतःचे कौतुक वाटते. कोणास न विचारता, पुस्तिका न उघडता, मॉरिस मायनरची आठवण न काढता, मी दहा-अकराचा पाना उचलून काळ्या तारेच्या नटास लावला आणि ती अशा वेगाने सोडविली, की ब्रह्मगुप्ताने पाहिले असते तर ऋणाच्या वजाबाकीचे त्यासही समाधान वाटले असते. आवारात एकदम शांतता पसरली.

“मामा, दुसरी किल्ली?” भाच्याने विचारले.

“डॅशबोर्डच्या खणात.”

मामलेदारसाहेब खुर्चीतून उठले, काचेतून त्यांनी आसनावरील रुमालाकडे आणि त्याच्या उघड्या घडीतून चमकणाऱ्या अंगठीकडे बराच वेळ पाहिले. “मुद्देमाल आत,” ते म्हणाले, “आणि फिर्यादी बाहेर.”

वरून, गच्चीच्या कठड्यावरून, सौभाग्यवतीचा आवाज आला. “अहो, झालं का? अंगठी घातलीत का?”